पाटाच्या ओलीतली आमरी: ओळख पटेपर्यंतचा एक हिवाळा

नाशिकमध्ये ऑर्किड म्हटलं की पावसाळा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. जुलै-ऑगस्टात त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरीच्या बाजूला पठारांवर पांढऱ्या फुलांची हबेनारिया ऑर्किडं उगवतात, त्याआधी मे-जूनमध्ये झाडांवर सीतेची वेणी लोंबत असते आणि सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप त्याच फोटोंनी भरतात. त्यामुळे डिसेंबरात, निफाडच्या थंडीत, द्राक्षबागेच्या बांधाखाली जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किडच, भेटेल असा विचारही माझ्या मनात नव्हता. ती भेटली, पण ती नेमकी कोण, हे खात्रीने कळायला पुढचा सगळा हिवाळा आणि उन्हाळ्याचा एक तुकडा गेला. त्या काळात मराठीत शोधून मला जवळपास काहीच सापडलं नाही, इंग्रजीत सापडलं ते एक तर फार शास्त्रीय नाही तर नुसते फोटो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कोणाला अशीच एखादी पाणथळ जागेतली आमरी दिसली तर कुठून सुरुवात करायची, काय लागतं, किती वेळ जातो, याचा अंदाज यावा.

माझ्या मामाची निफाड तालुक्यात बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाने पाट जातो, आणि पाटाला आवर्तन सुटलं की खालच्या बाजूला पाणी पाझरत राहतं, त्यामुळे चारी आणि बांध यांच्यामधली एक पट्टी जवळजवळ उन्हाळ्यापर्यंत ओली असते. तिथे काही पिकत नाही. लव्हाळा, हरळी, थोडा माका, शेवाळं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिथे गेले होते आणि चारी ओलांडताना गवतात एक वेगळाच रंग दिसला. हिरव्यात तांबूस-तपकिरी, तांब्याचं भांडं घासायच्या आधी असतं ना तसा. खाली बसून बघितलं तर बोटभर उंचीची रोपं होती, अरुंद, टोकदार पानं, प्रत्येक पानाचा खालचा भाग खोडाला म्यानासारखा गुंडाळलेला, आणि शेंड्याला पानांच्यात अर्धवट लपलेला कळ्यांचा घट्ट गुच्छ. एकदा एक दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागली. त्या पट्टीत सहज शंभर-दीडशे असतील.

मामाला विचारलं तर तो म्हणाला, "दरसाल येतं ते, थंडीत येतं आन् ऊन तापलं की जातं. तण म्हणावं तर तणासारखं पसरत नाही." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं, कारण शेतकऱ्याला कोणती गोष्ट कधी येते आणि कधी जाते हे बरोबर माहीत असतं. पुढे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपून ठेवतात तिथे, मला पहिला प्रश्न हाच विचारला गेला, की ही बारमाही दिसते की ठराविक काळातच, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. तुम्हीही जिथे रोप दिसेल तिथल्या माणसाला आधी विचारा.

त्या रात्री फोटो मोबाईलच्या फोटोवरून ओळखणाऱ्या अॅपमध्ये टाकले. पहिलं उत्तर गवत, दुसरं उत्तर दुसरं गवत. कळ्यांचा जवळून काढलेला फोटो टाकल्यावर स्पायरँथेस असं आलं, म्हणजे जिची गुलाबी फुलं जिन्यासारखी गोल फिरत चढतात ती आमरी. तेव्हा निदान एवढं कळलं की ही ऑर्किडच्या घरातली असावी. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलं. तिथे ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगते, तुमच्या नोंदीला दुसऱ्या लोकांनी दुजोरा दिला आणि दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं की ती 'रिसर्च ग्रेड' होते. माझी नोंद बरेच दिवस नुसती 'ऑर्किड कुळ' एवढ्यावरच अडकली होती, कारण फूल उमललेलंच नव्हतं. एकाने मात्र लिहिलं, "झ्युक्झिन बघा, लिपचा फोटो हवा." बस, एवढंच. झ्युक्झिन ही आमरींचीच एक प्रजाती. त्या एका ओळीने दिशा मिळाली.

लिप म्हणजे ऑर्किडची ती एक पाकळी जी बाकी दोघींपेक्षा वेगळी असते, मराठीत ओष्ठ म्हणतात. जमिनीवरच्या आमरीत पानं फार फसवतात, उंची फसवते, पण लिपचा आकार सहसा फसवत नाही. म्हणून फुलं उमलेपर्यंत थांबायचं ठरवलं. थांबणं मला कठीण गेलं, खरं सांगते. रोज ऑफिसला जाताना डोक्यात तेच, तोपर्यंत कोणी तिथे फवारा मारला तर, गुरं शिरली तर. मामाला फोन करून सांगितलं की त्या पट्टीत तणनाशक नको. तो लगेच हो म्हणाला, वर म्हणाला मजुरांनाही सांगून ठेवतो.

या मधल्या काळात थोडी सामानाची तयारी केली. दहा पट मोठं दाखवणारी हँड लेन्स साडेचारशेला मिळाली, मोबाईलला लावायची क्लिपची मॅक्रो लेन्स सातशेला. क्लिपवाली घेतली नसती तरी चाललं असतं, पण साधी हँड लेन्स मात्र घ्याच, ती डोळ्याच्या अगदी जवळ धरायची आणि मग फूल त्या लेन्सकडे आणायचं, बहुतेक लोक उलटं करतात आणि मग म्हणतात काही दिसत नाही. एक प्लॅस्टिकची पट्टी, काळा कार्डपेपर (पांढरी फुलं काळ्यावरच नीट येतात), टूथपिक, आणि एक वही. एवढंच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मामाचा फोन आला, पांढरं दिसायला लागलंय. मी शनिवारी पहाटेच निघाले. त्या आठवड्यात निफाडला पारा एवढा खाली गेला होता की बागांमध्ये शेकोट्या पेटवल्या होत्या आणि पट्टीवर दव इतकं की गुडघे टेकले तर पँट ओली. सकाळी नऊपर्यंत काही फोटो काढता आला नाही, फुलांवर पाण्याचे थेंब होते. ही एक टीप लक्षात ठेवा, दव सुकल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आधी, साधारण नऊ ते साडेदहा, हीच वेळ.

फूल खूपच छोटं आहे. अख्खं फूल अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास, आणि पूर्ण असं उघडतच नाही, अर्धवट मिटलेलंच राहतं. बाहेरच्या पाकळ्या पांढऱ्या, काहींच्या टोकाला फिकट गुलाबी झाक, वरची एक आणि आतल्या दोन मिळून टोपडं होतं. आणि त्या टोपड्याखालून लिप बाहेर येते, ती पिवळीजमक. लेन्सखाली बघितलं तर लिपचा बुडाचा भाग छोट्या पिशवीसारखा फुगीर, मध्ये अरुंद मान, आणि टोकाला ती एकदम आडवी रुंद होते. एक फूल टाचणीने हळूच उघडलं तेव्हा त्या पिशवीत दोन बाजूंना दोन गाठीसारखे बारके उंचवटे दिसले. मला ते दिसले तेव्हा किती आनंद झाला हे शब्दात सांगता येणार नाही, कारण पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या हातातल्या फुलात, पाटाच्या कडेला बसून, अशी समोर येते तेव्हा वाटतं की आपणही हे करू शकतो. प्रत्येक फुलाखाली एक लांबट टोकदार पान असतं, ब्रॅक्ट, ते फुलाहून लांब, म्हणूनच लांबून गुच्छ पानात बुडाल्यासारखा दिसतो.

स्पायरँथेसचा प्रश्न इथेच सुटला. तिचीही फुलं बारकी आणि दांडीभोवती फिरत चढणारी, पण तिची लिप पांढरी आणि कड झालरीसारखी चुरगळलेली असते. इथे लिप पिवळी, कड साधी. तेच फोटो परत आयनॅचरलिस्टवर टाकले आणि आठवड्याभरात तीन जणांनी एकच नाव दिलं, झ्युक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका.

आता इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण खरी गुंतागुंत इथूनच सुरू झाली, कारण त्या एका पट्टीतच मला ही आमरी तीन प्रकारची दिसत होती. पाटाच्या अगदी खाली, भर उन्हात आणि सतत ओलीत असलेली रोपं बुटकी, सहा-सात सेंटीमीटर, तांबूस पानांची, फुलं एकमेकांना चिकटून. बांधाच्या सावलीत उंच गवतात असलेली पार वेगळी, वीसेक सेंटीमीटर उंच, पानं लांब आणि हिरवीगार, फुलं थोडी सुटी सुटी. आणि चारीच्या पलीकडे जिथे ओल लवकर सुटते तिथे तर फक्त तीन-चार फुलांची, काडीसारखी बारीक रोपं. तिन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही म्हणेल या तीन जाती आहेत. माझं मन तर पक्कं म्हणत होतं की निदान दोन तरी व्हरायटी, म्हणजे एकाच जातीतले वेगळे प्रकार, आहेत.

जुनी पुस्तकं आणि लेख चाळायला लागले तर कळलं की हा घोळ माझ्या एकटीचा नाही, दोनशे वर्षांहून जुना आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये या आमरीला ऑर्किस स्ट्रॅट्युमॅटिका म्हटलं. मग रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातल्या रोपांना वेगळं नाव दिलं, त्यावरून पुढे लिंडले या दुसऱ्या शास्त्रज्ञाचं झ्युक्झिन सल्काटा आलं, आणि भारतातल्या जुन्या लिखाणात कितीतरी वर्षं हेच नाव चालत होतं. रॉबर्ट वाइटने दक्षिणेतल्या रोपांवरून रोबस्टा, ब्रेव्हिफोलिया, ब्रॅक्टियाटा अशी वेगवेगळी नावं दिली, म्हणजे धट्टीकट्टी, आखूड पानांची, मोठ्या ब्रॅक्टची. मी वाचत होते आणि मला पाटाखालची माझी तीन रूपंच समोर दिसत होती. श्लेश्टर या ऑर्किडतज्ज्ञाने १९११ मध्ये लिनियसचं जुनं नाव झ्युक्झिनमध्ये आणलं आणि आज ही सगळी नावं त्या एकाच जातीची समानार्थी नावं धरली जातात. म्हणून एक सल्ला, जुन्या पुस्तकात नाव शोधताना सल्काटा या नावाखालीही बघा, नाही तर वाटेल की आपल्या भागात ही नोंदलेलीच नाही. आणि आजचं मान्य नाव कोणतं हे लंडनच्या क्यू गार्डनच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या वेबसाइटवर फुकटात तपासता येतं.

पण पुस्तकात लिहिलंय म्हणून मान्य करायचं, यात माझं समाधान होत नव्हतं. म्हणून मी टूथपिकला रंगीत दोरा बांधून तिन्ही ठिकाणची काही रोपं खुणेची करून ठेवली आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत जमेल तसं जाऊन त्यांची उंची, पानाचा रंग, फुलांची संख्या लिहीत गेले. लिप तिन्हींची लेन्सखाली तपासली. पिशवी तीच, दोन गाठी त्याच, पिवळं आडवं टोक तेच. पिवळा रंग कुठे गडद कुठे फिका, पण आकार एकच. आणि फेब्रुवारीत एक गंमतीशीर गोष्ट झाली, मामाने बांधावरचं उंच गवत वैरणीला कापून नेलं, सावली गेली, आणि पंधरा-वीस दिवसांत त्या उंच हिरव्या रोपांची नवीन वरची पानं तांबूस व्हायला लागली. तेव्हा माझ्या मनातलं व्हरायटीचं भूत बरंचसं उतरलं. ऊन, ओल आणि शेजारचं गवत, यावर तिचं रूप ठरतंय असं दिसायला लागलं.

मग प्रश्न उरला की एका जागेवरची सगळी रोपं इतकी एकसारखी आणि दोन हातावरची सगळी वेगळी, असं कसं. याचं उत्तर मला तिच्या बी धरण्यात सापडलं. या आमरीत परागकण न मिळताही बी तयार होऊ शकतं. वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामींनी १९४६ मध्ये हिच्या भ्रूणाच्या वाढीवर पेपर लिहिलाय, तेव्हाच्या सल्काटा नावाने. म्हणजे आईचीच हुबेहूब नक्कल बीतून पुढे जाते आणि धुळीसारखं बारीक बी आसपास पडलं की त्या जागी तशीच्या तशी रोपं उभी राहतात. साहजिकच एक एक झुबका वेगळ्या व्हरायटीसारखा वाटतो. याच गुणामुळे ती लांब लांब पसरलीय, अफगाणिस्तानापासून जपानपर्यंत तर ती मूळचीच आहे, पण अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९३६ साली ती सापडली आणि मग तिथल्या हिरवळींमध्ये ठिकठिकाणी उगवायला लागली. आपल्याकडेही नुसत्या पाणथळ जागेत नाही, रोज पाणी घालतात अशा लॉनमध्येही बघा.

निफाडमध्ये आहे म्हटल्यावर नांदूर मध्यमेश्वर डोक्यात येणारच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, आणि पक्षी अभयारण्यही. तिथल्या काठावर ही असेल तर तुलना करता येईल म्हणून वन्यजीव विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारलं. तिथे नीट समजावून सांगितलं की तिकीट काढून, ठरलेल्या वाटेवरून फिरून फोटो काढायला हरकत नाही, पण अभयारण्यातून रोप तर सोडाच, पानही न्यायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि तो अर्ज संशोधन संस्थेच्या पत्रासह नागपूरला जातो. मला एवढं काही नको होतं. एक रविवार गाईडबरोबर फिरले, तिकीट, कॅमेरा आणि गाईड मिळून माझे साडेपाचशेच्या आसपास गेले, दर बदलत असतात त्यामुळे गेटवर विचारा. पक्षी भरपूर दिसले, आमरी वाटेवरून दिसली नाही. ती सापडली अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीकाठच्या एका गायरानात, गुरांनी चरून चरून गवत बोटभर केलं होतं त्यात. तिथली रोपं चार सेंटीमीटरसुद्धा नव्हती आणि फुलत होती. फक्त फोटो आणि मापं घेतली.

आता खात्रीचा शिक्का. फोटोवरून ओळख आणि हर्बेरियमची ओळख यात फरक असतो, कारण तिथे नमुना कायमचा राहतो, उद्या कोणालाही काढून तपासता येतो. पुण्यात बीएसआयचं म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संस्थेतही हर्बेरियम आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. मी यातल्या कोणत्या दारात गेले हे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचं शुल्क, फॉर्म आणि वेळ वेगळी आणि ती बदलते, आणि माझं वाचून कोणी तेवढेच पैसे घेऊन जाऊ नये. आधी फोन किंवा मेल कराच.

नमुना घ्यायच्या आधी मामाकडून साध्या कागदावर संमती घेतली, गट नंबर, तारीख, सही. जमीन त्याची आहे, पण लेखी असावं. ग्रामपंचायतीतही जाऊन कळवलं, कारण २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिन्ही रूपांचं एक एक रोप घेतलं, भरपूर होती म्हणून. जिथे पाच-दहाच रोपं असतील तिथे एकही उपटू नका, फोटो आणि एखादं फूल पुरतं. आणि ऑर्किडचं अख्खं कुळ साइटस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात आहे, तेव्हा विकणं, कोणाला पार्सल करणं या भानगडीत पडूच नका. घरी कुंडीत लावायचाही मोह होतो, पण फूल आणि बी झालं की ते रोप तसंही मरतं.

नमुना प्रेस करणं, म्हणजे कागदात दाबून वाळवणं, सोपं वाटतं पण या आमरीचं खोड आणि मुळं मांसल असतात, खोडाचा बुडाचा भाग जमिनीवर आडवा पडून पेरांतून मुळं सोडतो. ते पाणी सुटायला वेळ लागतो. जुन्या पेपरच्या घड्यांमध्ये ब्लॉटिंग पेपर घालून, वरून दोन फळ्या आणि पाट्याचं वजन ठेवून, पहिले चार-पाच दिवस रोज पेपर बदलले, नाही तर बुरशी येते. वाळल्यावर सगळा रंग तपकिरी होतो, म्हणून ताज्या फुलाचा आणि पानाचा रंग त्याच दिवशी वहीत लिहायचा, नंतर काहीही आठवत नाही. दोन-तीन फुलं छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये वेगळी ठेवली, कारण दाबलेल्या फुलात लिपची पिशवी चपटी होऊन काही कळत नाही. ही गोष्ट मला फोनवर आधीच सांगितली गेली म्हणून वाचले. हर्बेरियम शीट, म्हणजे नमुना चिकटवायचा कागद, साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरची, सहा शीट आणि लेबलचा कागद मिळून दोनशे रुपये. लेबलवर ठिकाण, तालुका, जिल्हा, तारीख, कोणी गोळा केलं, कसली जागा, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, फुलाचा रंग.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या बसने पुण्याला गेले. तिथे आधी गेटवर रजिस्टर, मग एका खिडकीवर अर्ज, मग शुल्क भरायला दुसरीकडे, पावती घेऊन परत पहिल्या टेबलावर. ओळखपत्राची झेरॉक्स लागली, आणि अर्जात 'ओळख कशासाठी हवी' असा रकाना होता, तिथे मी 'वैयक्तिक अभ्यास व गावाच्या नोंदवहीसाठी' असं लिहिलं. कॉलेजचं किंवा कंपनीचं पत्र नसलं तरी चालेल का, ही माझी मोठी भीती होती, ती आधी मेलवर विचारून घेतल्यामुळे तिथे अडचण आली नाही. झेरॉक्स दोन न्या.

ज्या मॅडमनी नमुने घेतले त्यांनी बाटलीतलं एक फूल तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला बघायला बोलावलं. माझ्या लेन्समध्ये ज्या दोन गाठी टिपक्यासारख्या दिसत होत्या त्या तिथे स्पष्ट, आत वळलेल्या दिसत होत्या. मग त्यांनी एक जुनं कपाट उघडून त्याच जातीच्या शीट काढल्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, काही पिवळ्या पडलेल्या, आणि टेबलावर ओळीने मांडल्या. बुटकी, उंच, काडीसारखी, सगळी होती. मी माझी वही उघडून उंचीचे आकडे दाखवले. त्या शांतपणे सगळं वाचत होत्या, मग म्हणाल्या, "हे असं हंगामभर लिहून आणलेलं फार कमी बघायला मिळतं, नमुन्याबरोबर याची प्रत ठेवा." मी तिथेच खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली.

रिपोर्टला जवळपास पाच आठवडे लागले. मध्ये एकदा मेल करून विचारलं, उत्तर आलं की क्रमाने चाललंय. एप्रिलच्या मध्यावर पत्र आलं. तिन्ही नमुने झ्युक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका, कोणतीही व्हरायटी वेगळी नोंदवलेली नाही, रूपातला फरक अधिवासामुळे, आणि खाली तिन्ही शीटचे नंबर. मनात कुठेतरी वाटत होतं की एखादी वेगळी व्हरायटी निघावी, पण ते पत्र हातात घेतल्यावर कसलाच कमीपणा वाटला नाही. एकच जात तीन जागांत तीन रूपं घेऊन उभी राहते, हे मी स्वतः मोजून बघितलं होतं.

पत्राची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत गेले. नोंदवहीत जंगली वनस्पतींच्या पानांवर नोंद करायला समितीच्या बैठकीत विषय ठेवावा लागतो असं सांगितलं, म्हणून एक साधा अर्ज दिला, सोबत दोन फोटो आणि पत्राची प्रत. बैठक मे महिन्यात झाली आणि नोंद झाली. हंगाम डिसेंबर ते मार्च, जागा पाटाखालची ओल व बांध, नेमकी खूण मुद्दाम ढोबळ ठेवली आहे. मामाने त्या बैठकीत स्वतः उठून सांगितलं की बी पडेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, त्या पट्टीत फवारा मारायचा नाही, आणि शेजारच्या दोघांनीही त्यांच्या बाजूचा बांध तसाच ठेवायचं कबूल केलं.

एकूण खर्च प्रवास, लेन्स, शीट, शुल्क सगळं धरून साडेचार हजाराच्या आत. सगळ्यात जास्त पैसे पेट्रोलवर गेले. कोणाला यंदा शोधायची असेल तर पाटाचा पाझर, तळ्याचा काठ, भाताच्या खाचरात कापणीनंतर उरलेली ओल, पाणी घातलेली लॉन, या जागा डिसेंबरपासून बघायला लागा, आणि फूल नसेल तर आधी गवतातला तो तांबूस रंग शोधा. मी येत्या हिवाळ्यात दारणेच्या बाजूच्या पाटांखाली बघणार आहे, तिकडच्या आवर्तनाच्या तारखा काढून द्यायचं मामाने कबूल केलंय.